आतल्या होडीला वाट

मी बहिरा आहे असं आमच्या गावात सगळे समजतात. गेली तीन वर्षं समजतात. माझी बायको तुळजासुद्धा. जेवायला बसलो की ती कानाशी येऊन "भात वाढू काय?" अशी ओरडते, की शेजारघरातला माणूसही ताटावर हात आडवा धरेल. मी एकदा "आं?" करतो, मग मान हलवतो. हे सगळं सवयीनं जमतं. अवघड एकच. मागून कोणी हाक मारली की मान आपोआप वळायला जाते, तिला धरून ठेवावं लागतं.

अगदीच खोटं आहे असंही नाही. शहरात धामणकर नाक्यामागच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी माग चालवतो. चोवीस लूम एकदम चालतात, बारा तासांची ड्युटी. अडुसष्ट साली लागलो, तेव्हापासून कान थोडे गेलेच आहेत आणि आवाज चढलाय. लूमवाल्याला हळू बोलता येत नाही. तो गुपित सांगायला लागला की नाक्यावरचा पोलीस वळून बघतो. पण कान थोडे जाणं वेगळं आणि सगळे जाणं वेगळं. शेजारच्या मागावरचे आझमगढचे चाचा एकदा तंबाखू मळता मळता माझं नाव घेऊन म्हणाले, "लडकू, तू सुनता नहीं है, या सुनना नहीं चाहता?" मी "आं?" केलं. म्हातारा हसला नाही.

मला ऐकू येतं. नको तेच जास्त येतं. धोटा या टोकाकडून त्या टोकाला पळतो, खटाखट, खटाखट, आणि त्या खटाखटीच्या मधल्या चिमूटभर फटीत एक हाक येते, वाट मागणारी. रोज येते. मी धागा तुटल्याचं निमित्त करून माग बंद करतो. माग थांबतो, हाक थांबत नाही.

ही हाक राघोची. राघो माझा मैतर होता. तो मेला, आणि तो का मेला हे एकट्या मला ठाऊक होतं.

आमचं गाव वळ गावाच्या पुढे, खाडीच्या काठाला. भातशेती करायची आणि शेतीतून उरलेल्या दिवसांत शिडाच्या होडीतून रेती नाहीतर गवत वाहायचं. चैत्रात देवीच्या जत्रेला होड्यांची शर्यत असते. दुपारी भरती भरली की धक्क्यावरून सुटायचं. समोरून खारा वारा येत असतो, त्याच्यात सरळ जाता येत नाही, म्हणून या काठाकडून त्या काठाकडे तिरकं तिरकं मारत मैलभर खाली जायचं. तिथं खाडीत एक जुना खुंट रोवलेला आहे. तो डाव्या हाताला ठेवून वळायचं आणि वारा पाठीवर घेऊन परत यायचं. तोवर ओहोटी लागलेली असते, म्हणजे येताना वारा आपला आणि पाणी वैऱ्याचं. ज्याची होडी पहिली, त्याला देवीच्या पालखीचा पहिला खांदा.

बघणाऱ्याला वाटतं शर्यत शिडात असते. शर्यत खुंटाशी असते. दामूमामा, माझ्या आईचा भाऊ, आमच्या खाडीतला सगळ्यात जुना सुकाणूवाला. तो म्हणायचा, "खुंटाला जाताना पावण्यासारखा लांबून जा, निघताना चोरासारखा भिंतीला घासून नीघ." ज्याला हे कळत नाही तो जातानाच खुंटाला चिकटतो. मग वळताना त्याची होडी बाहेर फेकली जाते आणि मोकळ्या झालेल्या जागेत मागचा घुसतो.

आणि एक नियम होता, देवीच्या शपथेइतका पक्का. खुंटाशी जी होडी आतल्या अंगाला आली तिनं वाट मागायची, हाक मारून. बाहेरच्यानं जागा द्यायची. जिंकत असला तरी द्यायची. कारण ओहोटी होडीला खुंटावर ढकलते आणि आतल्याला पळायला दुसरीकडं जागा नसते.

पण ज्यानं वाट द्यायची त्या सुकाणूवाल्याला आतली होडी दिसतच नाही. तो मागं बसतो आणि डावीकडं भरलेलं शीड सगळं झाकून टाकतं. म्हणून पुढं नाळेवर, होडीच्या टोकाला, एक माणूस बसतो. त्यानं शिडाखालून बघायचं, हाक ऐकायची आणि मागं ओरडून सांगायची. त्याला आम्ही होडीचा कान म्हणतो. दामूमामाच्या होडीचा कान मी होतो.

एकाहत्तरच्या जत्रेला सकाळपासून राघो मला चिडवत होता. चिडवल्याशिवाय त्याला जेवण पचायचं नाही. "मामा, या लडक्याला पुढं कशाला बसवतंव?" तो सगळ्यांदेखत म्हणाला. "लूमवर जाऊन बहिरा झालाय तो. त्यापेक्षा देवलातला नंदी बसवा, त्याच्या कानात लोक बोलतात तरी!" सगळा धक्का हसला. राघोची बायको गोदू काठावर उभी होती, तीही पदर तोंडाला लावून हसली. मी हसलो नाही. माझं डोकं तापट आहे आणि लूमवर जावं लागल्याचं मला आधीच लागलेलं होतं. शेत भावाकडं गेलं, खाडी राघोसारख्यांकडं राहिली, माझ्या हातात सूत आलं. त्यात हा नंदी.

खुंटाशी पोचलो तेव्हा आम्ही आणि राघो पुढं होतो, बाकीचे मागं. मी शिडाखालून बघितलं तर राघोनं होडी आत घातलेली. हातभर अंतर. दात काढत होता मेला. त्यानं हाक मारली, अगदी स्पष्ट. मी ऐकली. आणि माझ्या मनात आलं, बहिरा म्हणतोस ना, मग घे बहिरा.

एक श्वासभर गप्प राहायचं, एवढंच मी ठरवलं होतं. त्याला जरा घाम फुटू दे, मग मामाला सांगू. देवीची आण घेऊन सांगतो, एवढंच होतं. पण खुंटाशी एक श्वास फार असतो. मामानं भिंतीला घासून निघायचं म्हणून सुकाणू दाबलं. आमची होडी राघोच्या होडीवर गेली, त्याची खुंटावर. शिडाची आडवी काठी तुटून त्याच्या डोक्यात बसली आणि तो पाण्यात गेला. ओहोटीनं नेला. दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला तिवरांत सापडला.

धक्क्यावर मामानं माझे दोन्ही खांदे धरून विचारलं, "लडक्या, हाक आली व्हती?"

मी म्हणालो, "आं?"

तेवढ्यावर निभावलं. लोक म्हणाले, लूमनं कान खाल्ले बिचाऱ्याचे. मामा म्हणाला, चूक माझी, मी बहिऱ्याला कान केला, राघोला मी मारला. त्यानंतर त्यानं सुकाणूला हात लावला नाही. साठीतला धट्टाकट्टा माणूस, पण चालायचा तेव्हा डाव्या अंगाला एका माणसाची जागा सोडून चालायचा. अरुंद बोळातसुद्धा. समोरून कोणी आलं तर थांबायचा, पण त्या जागेत सरकायचा नाही. मी त्याच्या मागून चालायचो आणि ती रिकामी जागा बघायचो. एकदा तरी सांगून टाकावं असं वाटायचं. दर खेपेला "आं?" सोपा पडायचा.

आता रीत सांगतो. खुंटानं ज्या होडीचा माणूस घेतला, ती होडी जत्रेच्या शर्यतीत एकदा त्याच खुंटाला फिरून यावी लागते. नेणारेही तेच लागतात, ज्यांनी वाट दिली नव्हती. तोवर त्या होडीत कोणी माल भरत नाही. फिरून आल्यावर घरची बाई काठावरून विचारते, "वाट दिली?" होडीतल्यानं म्हणायचं, "दिली." मग मेलेला सुटतो आणि होडीही सुटते. पण ती होडी शेवटची आली, तर मेलेला अजून तिच्यात बसलेला आहे, त्याच्याच वजनानं ती मागं पडली, असं धरतात. ती मग मोडून जाळायची.

राघोची होडी तीन वर्षं चिखलात पालथी पडली होती, कारण मामा दर चैत्रात नाही म्हणायचा. गोदूवयनी दुसऱ्यांच्या होडीतल्या रेतीच्या पाट्या डोक्यावरून वाहायची. चौऱ्याहत्तरच्या पाडव्याला ती आमच्या दारात आली.

"मामा तयार झाला," ती म्हणाली. मग आठवलं तसं माझ्या कानाशी वाकून ओरडली. "मामा तयार झाला, भावजी! होडीच्या फळ्या उघडायला लागल्यान. या चैताला न्हाय फिरली तर पाण्यात टिकायची न्हाय. ती सुटली तर माझा दीर तिच्यात रेती भरल. माझी कंबर गेली पाट्या उचलून. याल काय तुमी?"

मला पहिल्या खेपेलाच ऐकू आलं होतं. दुसऱ्यांदा ओरडल्यावर मी हो म्हणालो. नाही म्हणायची हिंमत नव्हती, आणि जायची तरी कुठं होती?

शर्यतीला चार होड्या निघाल्या. काळूरामची, पूर्णा गावाकडची एक, सावळारामची आणि आमची, म्हणजे राघोची. आत आम्ही दोघंच. सुकाणूच्या दांड्यावर राघोच्या मुठीनं गुळगुळीत झालेली जागा होती. मामानं तिथं हात ठेवला नाही, वीतभर खाली धरला. मी शिडाची दोरी घेऊन नाळेवर बसलो. काळूराम शेजारून ओरडला, "मामा, या बारीलापन बहिराच कान?"

"व्हता तोच लागतंय," मामा म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा होता.

सकाळपासून मी मनाशी घोकत होतो. हाक येणार, लडकू. लूमवर येते ती खुंटाशी तर येणारच. ती तुझ्या डोक्यातली आहे. गप्प बसायचं. तीन वर्षं गप्प बसलास, आणखी एकदा बस. खुंट निघून जाईल, होडी सुटेल, गोदूवयनीची कंबर वाचेल.

खुंट दिसायला लागला तेव्हा आम्ही तिसरे होतो. काळूराम आणि पूर्णेकडचा वळून गेलेसुद्धा. मागं सावळाराम. ओहोटी सुरू झाली होती, पाणी खुंटाला चाटून पुढं धावत होतं. मामा पावण्यासारखा लांबून आला, अगदी त्याच्या जुन्या पद्धतीनं. हात विसरले नव्हते. आता चोरासारखं घासून निघायचं की तिसरा नंबर खिशात. मी शिडाखालून डावीकडं बघितलं. रिकामं पाणी. खुंटाला शेवाळ, त्यावर एक बगळा. बगळा उडाला.

आणि हाक आली.

लूमवर येते तशी फटीतून नाही. उघड्या पाण्यावरून, हातभर अंतरावरून, तोंडातल्या हवेसकट आली. माझ्या डाव्या कानावर गरम लागली. मी बघत होतो ते पाणी रिकामंच होतं. मी दात आवळले. गप्प बसलो तर होडी वाचते. बोललो तर आपण बाहेर फेकले जाणार, शेवटचे होणार, होडी जळणार. सगळा हिशेब गप्प बसण्याच्या बाजूचा होता. त्या दिवशीही मी असाच गप्प बसलो होतो, आणि तोच एक श्वास पुन्हा माझ्या छातीत भरलेला होता.

"मामा!" मी ओरडलो. "वाट द्या! आत होडी हाय!"

मामानं विचारलं नाही, बघितलं नाही. त्यानं सुकाणू लोटलं आणि होडी उजवीकडं, खुंटापासून बाहेर गेली. खुंट आणि आमच्यात बरोबर एका होडीची जागा झाली. ती जागा तशीच राहिली, नुसतं पाणी धावत होतं. मग मागून सावळाराम आला आणि त्या जागेतून सुळकन निघून गेला.

"कोनाला वाट देतंस रं, लडक्या?" तो हसत ओरडला. "हितं तर कोन न्हाय!"

आम्ही वळलो तेव्हा ओहोटीनं आम्हाला बरंच खाली नेलं होतं. सावळाराम सहा होड्यांच्या लांबीनं पुढं. आम्ही शेवटचे. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, राघोचा, स्वतःचा, त्या बगळ्याचासुद्धा. लांब धक्क्यावर माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. त्यात एक हिरवं लुगडं होतं.

"दोरी हातभर सोड," मामा म्हणाला.

मी सोडली. शीड भरलं.

"आता मधे जायाचं न्हाय. मधे ओहोटीचा जोर हाय. काठाला पानी मेलेलं असतं. आपली होडी रिकामी हाय, चिखलावरून जाईल."

पुढचे तिघं खाडीच्या मधून चालले होते. मधून गेलं की जिंकल्यासारखं दिसतं, म्हणून सगळे मधून जातात. वारा त्यांना पुढं ढकलत होता आणि पाणी मागं ओढत होतं. आम्ही तिवरांच्या कडेकडेनं निघालो. खाली चिखल फळ्यांना घासत होता. उघडलेल्या सांध्यातून पाणी आत येत होतं, मी एका हातानं दोरी धरून दुसऱ्यानं ते उपसत होतो. सहा होड्यांचं अंतर तीनावर आलं, मग एकावर.

शर्यतीचा शेवट दोन बांबूंच्या मधे. एक धक्क्याला लागून, दुसरा खाडीत. बांबू दिसायला लागल्यावर मामानं होडी एकदम काठापासून काढून सावळारामच्या बरोबर मागं आणली. मला वाटलं म्हातारा चुकला. पण पाठीवरचा वारा आता आधी आमच्या शिडात येत होता आणि सावळारामला उरतच नव्हता. त्याचं शीड ओल्या गोणपाटासारखं लोंबलं. तो मागं वळून शिव्या द्यायला लागला.

"आता काठाकडं. दोरी आवळ. अजून. पुरं," मामा म्हणाला.

मी आवळली. होडी काठाकडच्या बांबूवर झेपावली. त्या टोकाकडून शेवट जवळ पडतो, हे मामा सोडून कोणाच्या ध्यानात नव्हतं. आमची नाळ बांबूला लागली तेव्हा सावळारामची अजून हातभर मागं होती. पाटलांनी तीन बोटं वर केली. तिसरे! होडी जळणार नव्हती.

मी आनंदानं मागं वळलो. मामाच्या तोंडावर आनंद नव्हता. तो माझ्याकडं बघत होता, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं.

खुंटापासून धक्क्यापर्यंत तो माझ्याशी हळू बोलत होता. देवळात बोलावं इतकं हळू. वारा, शिडाची फडफड, उपसण्याचा आवाज, या सगळ्यात तो पुटपुटत होता, आणि मी त्याचा एकेक शब्द पाळला होता. एकदाही "आं?" केलं नव्हतं.

धक्क्यावर ओरडा चालला होता, तो शांत झाला. रीतीच्या वेळी कोणी बोलत नाही. गोदूवयनी गुडघाभर पाण्यात उतरून उभी होती. तिनं विचारलं, "वाट दिली?"

मामानं सुकाणू सोडलं.

"हाक मना न्हाय आली, गोदू," तो म्हणाला. "याला आली. याला इचार."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तुळजा पुढंच होती, हातात ओवाळणीचं ताट घेऊन. "आं?" ओठांवर आला होता. फार जवळ आला होता. आणि मग मी मामाकडं बघितलं. रिकाम्या होडीतसुद्धा तो डावीकडं एका माणसाची जागा सोडून बसला होता.

"आज दिली," मी म्हणालो. "त्या दिवशी न्हाय दिली, वयनी. मना ऐकू आली व्हती. मी मामाला सांगितली न्हाय. राग आलेला म्हनून गप ऱ्हायलो. मामाची काय चूक न्हाय."

लूमवाल्याला हळू बोलता येत नाही. सगळ्या काठानं ऐकलं. तुळजाच्या हातातलं ताट कलंडलं आणि हळद पाण्यावर पसरली. मामा सरकला. तीन वर्षांत पहिल्यांदा तो डावीकडं, त्या मोकळ्या जागेत सरकला आणि तिथं तोंड झाकून रडायला लागला.

गोदूवयनी पाण्यातून चालत जवळ आली. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं होडीच्या काठावर हात ठेवला आणि खाली बघत, ओठ जेमतेम हलवत विचारलं, "काय बोलला व्हता तो?"

तीन वर्षांत माझ्याशी इतकं हळू कोणी बोललं नव्हतं. मला ऐकू आलं.

"'लडक्या, वाट,'" मी म्हणालो. "मामाचं नाव न्हाय घेतलं त्यानं. माझं घेतलं."

सकाळी त्यानं मला सगळ्या गावादेखत बहिरा म्हटलं होतं. पण मरणाच्या तोंडाशी हाक मलाच मारली. मला ऐकू येतं, हे एकट्या राघोला पक्कं ठाऊक होतं.